एकाच सोमवारचे दोन विडे

९ जुलै, बुधवार

देवणीच्या पाटलांची श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची पंगत देवळातल्या कॉम्प्युटरच्या मशीनमध्ये नाही. वैजनाथने त्यांना विडा दिला तेव्हा मी बाजूलाच बसलो होतो. म्हणजे तारीख दिली, लिहायची राहिली. मीच लिहून टाकली. त्याला बोललो नाही. दुपारी तो कार्यालयात येतो, मी उठतो. तेवढ्या वेळात चूक कशाला काढायची.

पाडव्याला देवळात नवं मशीन आलं तेव्हापासून त्याला जड जातंय बहुतेक. तसा प्रोग्राम जुनाच आहे. नांदेडच्या एका सरांनी पंगतीच्या तारखांसाठी देवाची सेवा म्हणून करून दिलेला, तोच उचलून नव्यावर ठेवला. मागच्या सगळ्या वर्षांच्या पंगती जशाच्या तशा दिसतात. फक्त आता आम्हा दोघांची खाती वेगळी. निलंग्याच्या मुजीबने मशीन बसवलं, त्यानेच करून दिली. कारण काय, तर फोटो. मशीन सुरू करताच मला समोर आपली पिंड हवी, वैजनाथला त्याचा खंडोबा. जुन्या मशीनवर यावरून रोज बदलाबदली. मुजीब म्हणाला, "दोनो का अलग कर देतूं चाचा, झगडाच नक्को."

तेव्हापासून बरं चाललं आहे. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या समोर.

१४ जुलै, सोमवार

धर्माबादहून चन्नप्पा मिरचीवाले आले, आईला घेऊन. म्हातारी इथलीच माहेरवाशीण. लहानपणी याच ओवरीत पंगतीला बसलेली. लग्न होऊन तिकडे गेली, बोलण्यात तेलुगू मिसळलं. श्रावणाचा शेवटचा सोमवार मागत होती.

"ओकसारी, एकदाच बसव रे अय्या माझ्या घरच्या पंगतीला. मग मी मोकळी."

मशीन उघडलं. शेवटचा सोमवार रिकामा. आश्चर्यच वाटलं, तो सगळ्यात आधी जातो. महादेवाची मर्जी म्हटलं. पिंडीपुढचा विडा आणून तिच्या ओंजळीत ठेवला. तिने तो डोळ्याला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला.

पावती आपल्याकडे पूर्वीपासून नाही. विडा दिला की तारीख दिली. त्या घरच्यांनी त्या दिवशी पिंडीवर पहिला तांब्या घालायचा, पंगतीत पहिलं पान त्यांच्या वडीलधाऱ्याचं. एका सोमवारी एकच पंगत.

२२ जुलै, मंगळवार

आज पुन्हा. वै.ने दिलेल्या आणखी दोन तारखा मशीनमध्ये नाहीत. परत मीच लिहिल्या.

रात्री जेवताना बायकोला, मंगलला सांगितलं, वैजनाथला हल्ली विसरायला होतंय. ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्येला इचारलं का?"

"कसं विचारू? वाईट वाटंल त्याला."

"आन् न इचारता मला सांगितलेलं बरं वाटंल व्हय त्येला?"



२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. सकाळची पूजा जरा लांबली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बसलो, पण मन कार्यालयात. गर्दीच्या दिवशी गाभारा बंद ठेवतो आपण. लोक बाहेरच्या घंगाळात पाणी ओततात, तिथून नळीने पिंडीवर जातं. ओतणारा आत बघत नाही. पोहोचलं म्हणून हात जोडतो आणि वळतो.

उगीच आठवलं.

२८ जुलै, सोमवार

पहिला सोमवार नीट पार पडला. शिवामूठ तांदळाची.

पंगत उठल्यावर हणमंत आला, निलंगा डेपोचा ड्रायव्हर. म्हणाला, शेवटच्या सोमवारी आमची पंगत, पत्रावळ्या किती लागतील ते सांगा, आत्ताच आणून टाकतो. मी म्हटलं, शेवटचा सोमवार धर्माबादचा आहे. तो हसला, मी चेष्टा करतोय असं वाटलं त्याला.

"अण्णा, अक्षय तृतीयेला वैजनाथअप्पानं इडा दिलाय मला. बायकू दवाखान्यातून उठून घरी आली म्हणून नवस हाय."

मशीन उघडून दाखवलं. शेवटचा सोमवार, धर्माबाद. हणमंताचं नाव कुठेच नाही. त्याने स्क्रीनजवळ वाकून सगळी नावं वाचली. मग म्हणाला, "आता घरी जाऊन काय सांगू हिला?"

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

नीट लिहून ठेवतो. नंतर मन आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतं.

सकाळी अध्यक्ष आणि बाकीचे विश्वस्त बसले. मी मशीन उघडलं. धर्माबाद. वै.ला निरोप पाठवून बोलावलं. तो म्हणाला, "म्या माझ्या हातानं लिव्हलंय हणमंताचं नाव." मग विश्वस्तांकडे बघून, हळूच, "मन्मथचं ध्यान नसतंय आजकाल. त्येनं दिलेल्या तारखा मीच लिव्हतो मागून. बोललो न्हाई कधी."

मला ते लागलं. मी त्याच्या तारखा लिहितो आणि हा हे म्हणतोय.

संध्याकाळी त्याने स्वतः मशीन उघडलं आणि ओवरीतल्या सगळ्यांना कार्यालयाच्या दाराशी हाक मारली. "बगा, हाय का न्हाई?" खरंच होतं. शेवटचा सोमवार, हणमंत. अध्यक्ष म्हणाले, "सकाळी नव्हतं, आता आलं. म्हणजे आत्ता लिहिलंस की वैजनाथ."

"अहो, तृतीयेचं हाय ते!"

"तारीख काय, मागची पण टाकता येते."

कुणीतरी मागून म्हणालं, हणमंताच्या गावात वैजनाथची पोरगी दिलीय, सोयरं सांभाळलं असंल. वै.ने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीत असल्यापासून त्याच्या शेजारी बसलो आहे. तो खोटं लिहिणार नाही हे मला माहीत होतं. पण सकाळचं बोलणं अजून टोचत होतं. आणि डोळ्यांनी सकाळी पाहिलेलंही खोटं कसं म्हणू. गप्प राहिलो.

त्याने कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवली.

"बस झालं. देवाच्या दारात चोर म्हणवून घ्यायला येत न्हाई म्या."

३१ जुलै, गुरुवार

आला नाही. दिवसभर मीच बसलो. किल्ली टेबलावर होती तिथेच आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

मुजीबला बोलावलं. त्याला वाटलं प्रोग्रामला पुरते अधिकार नसतील. काहीतरी दाबून मालकाच्या अधिकाराने उघडला. या वर्षाचं काहीच नाही. धर्माबाद नाही, हणमंत नाही, देवणी नाही. पाडव्यापर्यंतचं सगळं आणि पुढे कोरं.  मुजीब खुर्चीत मागे टेकला. "या अल्ला, ये क्या हुआ?"

बंद करून साधं उघडलं तर माझं सगळं परत जागेवर.

तो म्हणाला, प्रोग्राम करणारे सर भेटले तर बरं. नांदेडला फोन लावला. त्यांच्या मंडळींनी उचलला. सर जाऊन दोन वर्षं झाली म्हणे. मला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घेतलं नव्हतं. म्हणाल्या, "त्यांचं मशीन अजून तसंच आहे टेबलावर, चादर टाकून. पण त्यातलं मला काही कळत नाही हो. तुमच्या महादेवाचं मात्र ते सांगायचे नेहमी." आणखी काय विचारणार? श्रावणात या दर्शनाला, म्हटलं.

४ ऑगस्ट, सोमवार

दुसरा सोमवार, तीळ. देवणीच्या पाटलांची पंगत. पाटील विचारत होते, वैजनाथ दिसंना. तांब्या हातात द्यायला विडा देणाराच लागतो, तो नव्हता. मी दिला. पाटलांनी घेतला, पण मान हलवली नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

सापडलं.

मुजीबने वै.च्या खात्यातून प्रोग्राम उघडला. वै.ने पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवून ठेवलेली. शेवटचा सोमवार, हणमंत. ते बंद करून माझ्या खात्यातून उघडला. शेवटचा सोमवार, धर्माबाद. मध्ये कुणी काही लिहिलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत. परत त्याचं, परत माझं. मग तो कुठे कुठे आत शिरला आणि एकाच नावाच्या दोन फायली दाखवल्या. एक माझ्या खात्यात, एक वैजनाथच्या. तिसरी प्रोग्रामच्या मूळ जागी, पाडव्यापासून कुणी न शिवलेली.

त्याने सांगितलं ते मला समजलं तसं: विंडोजचे स्वतःचे काही फोल्डर असतात. तिथे कुणाला लिहू देत नाही, म्हणजे कुणी बाहेरचा येऊन बिघाड करू नये. आमचा प्रोग्राम त्यातल्याच एका फोल्डरमध्ये ठेवलेला, आणि तारखाही तिथेच लिहायची त्याची सवय. जुन्या मशीनवर चालून जायचं. नवं मशीन तसं करू देत नाही. पण तोंडावर नाहीही म्हणत नाही.

मी विचारलं, "नाही म्हणायला काय झालं होतं त्याला?"

"मना करा तो पुराना सॉफ्टवेअर बंद पडता ना चाचा. इसलिये हौ बोलता. लिख लिया बोलता. और जो बैठा है उसीच के खाते में बाजू को रख देता. आपका आपको दिखता, वैजनाथचाचा का उनको."

जुनं दोघांना सारखं दिसायचं, म्हणून संशय आला नाही. नवीन मात्र ज्याचं त्याला.

फोटोसाठी खाती वेगळी केली नसती तर हे झालंच नसतं. एकाच खात्यात दोघं लिहीत राहिलो असतो.

मग त्याने वै.च्या फायलीत हणमंताच्या नावावर बोट ठेवलं. पुढे तारीख होती, तृतीयेचीच. अध्यक्षांचं म्हणणं आठवलं, मागची तारीखही टाकता येते. तर मुजीबने त्या फायलीची एक जुनी प्रत काढून दाखवली. जूनमध्ये तो प्रिंटर जोडायला आला होता, तेव्हा वै.च्या खात्यातलं सगळं त्याने आपल्या पेनड्राईव्हवर उतरवून ठेवलं होतं. त्यातही शेवटचा सोमवार हणमंताचाच. माझा विडा तर जुलैतला.

७ ऑगस्ट, गुरुवार

अध्यक्षांना मुजीबने पुन्हा सगळं करून दाखवलं. ते म्हणाले, "मग ते लिहू न देण्याचं आहे ते बंदच करून टाक." मुजीब नको म्हणाला. ते बंद केलं तर उद्या खराब काही शिरलं तर त्यालाही दार मोकळं. त्यापेक्षा प्रोग्राम तिथून उचलून दुसऱ्या जागी ठेवू. कुलूप चांगलं आहे, आपणच चुकीच्या खोलीत राहत होतो.

अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, मशीनची चूक, माणसाची नाही, विषय संपला. मी म्हटलं, हे वैजनाथला सांगायला हवं. म्हणाले, सांगा की तुम्ही.

दुपारभर दोन्ही फायली समोरासमोर ठेवून एक करत बसलो. मुजीब वाचायचा, मी जुळवायचो. वै.च्या फायलीत मी दिलेल्या तारखाही होत्या. औराद, कासारशिरसी, उदगीरचे स्वामी. मी लिहिल्या होत्या, पण त्याला दिसल्या नाहीत. त्याला वाटलं मन्मथ विसरला. लिहून टाकल्या, बोलला नाही. माझ्या फायलीत त्याच्या. तोही मला झाकत होता, मीही त्याला. धर्माबादची तेवढी त्याला कळलीच नव्हती. त्या दिवशी त्याने पोरीला भेटायला सुट्टी घेतलेली.

वाचता वाचता मुजीब थांबला. "क्या हुआ चाचा?"

काही नाही म्हटलं. पुढचं वाच.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

वै.च्या शेतावर गेलो. सोयाबीनमध्ये कोळपं चालू होतं. बांधावर बसलो. सगळं सांगितलं, फायली, फोल्डर, जूनची प्रत. त्याने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला:

"म्हंजी मशीनची चूक म्हणायलास."

"हो."

"मशीननं फायली येगळ्या ठिवल्या. तू माझ्या तारका लिव्हलास, म्या तुझ्या. मशीननं सांगितलं नव्हतं मन्मथ्या, येकमेकाला इचारू नका म्हणून."

 तो पुढे म्हणाला, "म्याबी बोललोच की चार माणसांत, तुझं ध्यान नसतंय म्हणून. ते माझं. पण मला खोटा म्हणले तवा तू बाजूला बसला व्हतास. मशीनच्या नव्हं, माझ्या बाजूला."



उठताना विचारलं, सोमवारी येशील का. "चार माणसांत बोललेलं चार माणसांत पुसावं लागतंय. अध्यक्षाला सांग." मग बैलांकडे वळला. आईने दिलेला चहा मात्र घेऊन जा म्हणाला. त्याच्या आईला अजून माहीतच नाही काही. मला म्हणाली, दोघं संगंच येत जावा की रे, असं येकटं येकटं काय.

११ ऑगस्ट, सोमवार

तिसरा सोमवार, मूग. अध्यक्षांना वै.चं म्हणणं सांगितलं. "पंगतीत उभं राहून काय माफी मागायची? देवस्थानला शोभतं का?" मी म्हटलं, आरोप तरी कुठे आत झाला होता? ओवरीतच झाला. ते म्हणाले, मन्मथ, तू कारकून आहेस. बरोबर आहे त्यांचं. आहे.

राहिला माझा विडा. हणमंताचा आधीचा, तो खरा. माझा नंतरचा. दिलेला विडा फोनवर परत मागत नाहीत. ज्याने दिला त्याने जायचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

धर्माबादला जाऊन आलो. नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. गाडीत सारखं मनात जुळवत होतो, कसं बोलायचं. घरात पाऊल टाकलं आणि सगळं विसरलो.

चन्नप्पाला सांगितलं तर तो चिडला. साहजिक आहे. गावातल्या सगळ्या भाऊबंदांना आमंत्रणं गेलेली. "देवळात असलं कॉम्प्युटर ठेवताच कशाला? पूर्वी विड्यावर चालायचं ना?" मी म्हटलं, आत्ताही विड्यावरच चाललं, म्हणून तर आलो.

म्हातारी आतून ऐकत होती. बाहेर आली. पदराची गाठ सोडली. विडा वाळून काळा पडलेला, सुपारी तेवढी तशीच. माझ्यापुढे धरला, मी हात केला, तर मूठ मिटली.

"इडा परत देत नसतेत अय्या. पहिलं पान त्या पोराच्या बायकूला दे, मरणातून आलीय ती. मला शेवटी बसव. ओवरीत जिथं पोरी बसायच्या तिथं. पण इडा माझा माझ्यापाशी."

मी पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मागं माहेरी यायचे तवा तुझ्यासंगं अजून एक असायचा ना रे, खंडोबावाला? तो बरा हाय का?"

बरा आहे म्हटलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

मुजीबने प्रोग्राम नव्या जागी बसवला. आता खातं एकच. मी हणमंताचं नाव लिहिलं, बंद केलं, उघडलं, आहे. मुजीब म्हणाला, अब जो भी बैठेगा, एकीच दिखेगा. मग विचारलं, फोटो किसका रखू?

"खंडोबाचा ठेव."

"और आपकी पिंडी?"

"ती आत आहेच की."

वै.च्या घरी निरोप दिला, एकदा येऊन बघून जा. उत्तर नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पत्रावळ्या आल्या. हणमंताने स्वतः आणून टाकल्या. उद्या बायकोला जीपमधून हळू आणतो म्हणाला. धर्माबादची गाडीही पहाटे निघेल. एका सोमवारी एकच पंगत, हा नियम उद्या थोडा वाकणार. अध्यक्षांनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. "तुम्ही दोघांनी घातलेला घोळ, तुम्ही निस्तरा." दोघांनी, म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

पान वाढून झालं की 'हर हर महादेव' म्हणायच्या आधी मी उभा राहणार आहे. अध्यक्ष राहोत न राहोत. काय म्हणायचं ते कागदावर लिहून पाहिलं, लांबलं. मशीनचं सगळं समजावत बसलो होतो त्यात. फाडला. वैजनाथने लिहिलेलं खरं होतं आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. एवढंच पुरे आहे.

मंगल म्हणाली, नोकरीवरून काढलं तर? मग कोळपं धरू म्हटलं. ती हसली नाही, पण धोतर-सदरा धुऊन ठेवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी लवकर आलो. शिवामूठ जवाची, ताटात काढून ठेवली. पूजा झाली. आज मन जागेवर होतं.

मशीन सुरू केलं. खंडोबा आला. शेवटचा सोमवार, हणमंत. खाली धर्माबाद. दोन्ही नावं एकाखाली एक, पहिल्यांदाच.

हणमंताचा फोन. निघालेत.

"अण्णा, तांब्या कोण देणार हातात?"

"ज्याने विडा दिला तो."

"आलेत का ते?"

खिडकीतून पायरी दिसते. गर्दी जमायला लागली आहे, इथून तोंडं ओळखू येत नाहीत. किल्ली टेबलावर आहे तशीच. मी उचललेली नाही.

हणमंताला म्हटलं, तू ये, तांब्या भरून ठेवला आहे.